गाणी हलवा, पण कप्प्यांसकट



आपल्या वस्तीत असे घर विरळाच, की ज्याच्या माळ्यावर किंवा पलंगाखाली कॅसेटचा एखादा डबा नाही. बिस्किटाचा पत्र्याचा डबा असेल, नाहीतर लग्नात आलेली जुनी सूटकेस. वरच्या थरात बाजारातून विकत घेतलेल्या कॅसेट असतात. प्रल्हाद शिंदे असतात, विठ्ठल उमप असतात. त्यांच्या खाली, रबराने बांधलेल्या, घरच्या माणसाने स्वतः भरलेल्या कॅसेट असतात. १४ एप्रिलच्या रात्री वस्तीत रंगलेला गायन पार्ट्यांचा सामना, विहाराच्या उद्घाटनाचा कार्यक्रम, आजीने नातवाच्या नामकरणाला म्हटलेला पाळणा. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात हा खालचा थर जरा जाडच सापडतो. तारापूरच्या एमआयडीसीत कामाला आलेली माणसे कोणी विदर्भातून आली, कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून; येताना आपापल्या गावची गाणी घेऊन आली आणि इथे एकाच मंडपात एकमेकांना ऐकवू लागली.

आता घरोघरची तरुण मुले हा ठेवा संगणकात भरू लागली आहेत. काम चांगले आहे, आणि समुद्रकाठच्या गावांत तर त्याला उशीर करून चालणारच नाही. शिरगाव, सातपाटी, केळवे इकडच्या खाऱ्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. फितीला मागून दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडतो, आणि मग फीत शाबूत असूनही आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. कॅसेट वाजवणारे यंत्रही आता शोधावे लागते. तेव्हा मुलांच्या पाठीवर थाप मारूनच आम्ही पुढचे लिहीत आहोत. या कामात एक पायरी अशी आहे, की तिथे गाणे राहते आणि त्याचे नाव-गाव हरवते. ती पायरी कोणती आणि तिथे काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

शिरगावच्या एका घरातली हकीकत सांगतो. नाव देत नाही. "इतरांच्या उपयोगी पडत असेल तर लिहा," असे त्या घरच्या माउलीने सांगितले म्हणून लिहितो.

घरचे कर्ते, आता कालकथित, तारापूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करीत. छंद एकच. पालघरला, बोईसरला, गावातल्या गावात जिथे बुद्ध-भीमगीतांचा कार्यक्रम असेल तिथे टेपरेकॉर्डर घेऊन जायचे, कर्ण्यापासून बेताच्या अंतरावर बसायचे आणि रात्रभर कॅसेट भरायच्या. घरी आल्यावर प्रत्येक कॅसेटला चिठ्ठी चिकटवायचे. तारीख, ठिकाण, पार्टी, गायक, आणि गाणे कोणी रचले तेही विचारून घेतलेले असायचे. शिक्षण जेमतेम चौथी. पण शिस्त एखाद्या ग्रंथपालाची.

मुलगा बोईसरला नोकरी करतो. त्याने सुटीच्या दिवशी एक एक कॅसेट लावून, जुन्या वॉकमनची तार संगणकाला जोडून, ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर सगळी गाणी भरली आणि वेगवेगळी कापली. वडिलांची शिस्त त्यानेही सोडली नाही. सालाचा एक कप्पा, त्यात कार्यक्रमाचा कप्पा, त्यात कॅसेटचा, त्यात 'अ बाजू' आणि 'ब बाजू'. संगणकाच्या भाषेत याला फोल्डर म्हणतात. आत गाण्यांना नुसते क्रमांक: ०१, ०२, ०३. गाण्याला वेगळे नाव देण्याची गरज त्याला वाटली नाही, कारण नाव कप्प्यावर होतेच. यात त्याचे चुकले असे आम्हाला वाटत नाही. घरात आपण डाळीच्या प्रत्येक दाण्यावर नाव लिहीत नाही, डब्यावरच लिहितो.

संगणकात गाणी प्रथम भरली जातात ती 'वेव्ह' नावाच्या फायलीत. ती आवाजाने उत्तम, पण आकाराने अवजड. दोन बाजूंच्या स्टिरिओ आवाजाला एका मिनिटाला साधारण दहा एमबी जागा लागते. एक तासाची कॅसेट म्हणजे सहाशेहून जास्त एमबी, आणि शंभर कॅसेट म्हणजे त्रेसष्ट जीबीच्या आसपास. विहारातल्या स्पीकरला लावायच्या पेनड्राइव्हवर हे मावत नाही, आणि पुष्कळ स्पीकर वेव्ह वाजवतही नाहीत. म्हणून त्यांची 'एमपी३' करायची असते. साध्या १२८ च्या दर्जाला मिनिटाला जेमतेम एक एमबी लागतो. त्याच शंभर कॅसेट सहा जीबीत बसतात. चारशे गाणी एकेक करून बदलत कोण बसणार? म्हणून सगळी एकदम घाऊक बदलून देणारे प्रोग्राम असतात.

मुलाने तसाच एक प्रोग्राम घेतला. सर्वांत वरचा कप्पा त्याला दाखवला. प्रोग्रामने आतले सगळे कप्पे उघडून चारशेवर गाणी शोधून काढली आणि विचारले, "नवी गाणी कोठे ठेवू?" मुलाने एक नवा रिकामा कप्पा दाखवला. थोड्या वेळाने पडद्यावर प्रश्न आला: या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? त्याने 'सर्वांना होय' दाबले आणि जेवायला गेला. परत येऊन पाहतो तो चारशे गाण्यांची सतरा गाणी झालेली. प्रत्येक कप्प्यातल्या ०१ ने आधीच्या ०१ ला पुसले होते, ०२ ने ०२ ला. एका बाजूत जास्तीत जास्त सतरा गाणी होती, तेवढीच उरली.

हे नुकसान भरून निघाले, कारण मूळ वेव्ह जागच्या जागी होत्या. दुसऱ्या खेपेला त्याने 'नाव बदलून ठेव' हा पर्याय निवडला. या वेळी गाण्यांचा आकडा बरोबर जुळला. पण सगळी एकाच ढिगात पडली, आणि नावे अशी: ०१, ०१ कंसात दोन, ०१ कंसात तीन. आकडा जुळला म्हणून मुलगा निर्धास्त झाला. संगणकात जागा उरली नव्हती, त्याने मूळ वेव्ह पुसून टाकल्या.

खरे नुकसान इथे झाले, आणि ते कळले तीन आठवड्यांनी. विहारात पेनड्राइव्ह लावला होता. एक वृद्ध काका ऐकता ऐकता थांबले आणि म्हणाले, "अरे बाळा, ही पार्टी कोणाची रे? कोणत्या सालची जयंती?" मुलगा म्हणाला, "काका, घरी बघून सांगतो." घरी बघण्यासारखे काही उरले नव्हते. कॅसेट डब्यात होत्या, पण गोंद वाळून पुष्कळ चिठ्ठ्या सुटल्या होत्या आणि डब्याच्या तळाशी एकत्र पडल्या होत्या. कोणती चिठ्ठी कोणत्या कॅसेटची, हे सांगणारा माणूस नव्हता.

मग माउली रोज रात्री स्वयंपाक आटोपल्यावर मुलाशेजारी बसू लागल्या. कोणाचा आवाज ओळखला, कोणाची ढोलकी. बरीच गाणी त्यांनी ओळखली ती शेवटच्या कडव्यावरून, कारण जुने कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. तरी चाळीसेक गाणी तशीच राहिली. त्यांत एक बाई माता रमाईंवर गाते. मागे पेटी नाही, ढोलकी नाही, नुसत्या टाळ्या. गाणे संपल्यावर कोणीतरी बक्षिसाचे पाच रुपये पुकारतो, पण बाईचे नाव पुकारताना कर्णा खरखरतो. ते पालघरचे आहे की बोईसरचे, १९८९ चे की १९९६ चे, कोणालाच सांगता येत नाही.

आता हे का होते ते पाहू. फाइलचा पत्ता म्हणजे नुसते तिचे नाव नव्हे. ती ज्या कप्प्यात आहे, तो कप्पा ज्या कप्प्यात आहे, अशी पूर्ण ओळ म्हणजे तिचा पत्ता. आवाज बदलून देणारा प्रोग्राम फक्त आवाज वाचतो आणि सांगितलेल्या जागी नवी फाइल लिहितो. तसेच कप्पे नव्या जागी कर, असे सांगितल्याशिवाय तो करीलच असे नाही. प्रोग्राम लिहिणारे अडाणी होते असे नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर जी गाणी होती ती कंपनीने विकलेली गाणी होती. तिथे गायकाचे, चित्रपटाचे, सालाचे नाव फाइलच्या पोटातच भरलेले असते आणि त्यावरून प्रोग्राम कप्पेसुद्धा स्वतः बनवू शकतो. आपल्या वस्तीतल्या गायन पार्टीचे नाव कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. ते एका कामगाराने पाळी संपवून येऊन पेनाने चिठ्ठीवर लिहिले, मुलाने चिठ्ठीवरून कप्प्यावर लिहिले. जगात तेवढ्या एकाच ठिकाणी ते होते.

आमच्या चळवळीत हा प्रश्न नवा नाही. गाणारा आठवतो, रचणारा विसरला जातो, हे आपण कायम पाहत आलो. वामनदादा कर्डक, जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे गाव. २००४ साली निधन होईपर्यंत हा माणूस गावोगाव फिरून गात राहिला. त्यांची हजारो गाणी कोणाच्या वहीत, कोणाच्या कॅसेटमध्ये, कोणाच्या तोंडी विखुरलेली होती आणि अभ्यासकांना ती दारोदार जाऊन गोळा करावी लागली. ती त्यांची म्हणून ओळखू आली याचे एक मोठे कारण म्हणजे शेवटच्या कडव्यात बांधलेले 'वामन' हे नाव. पण वेळ कमी पडला की गाणारा नेमके शेवटचे कडवे गाळतो. त्यांच्या आधीच्या पिढीत भीमराव कर्डकांनी जलसे केले, आणि पुढे जलशांवर पुस्तकही लिहून ठेवले. म्हणून त्या जलशांतली माणसे, ठिकाणे आज आपल्याला निदान काही प्रमाणात ठाऊक आहेत. ज्या जलशेकारांनी लिहून ठेवले नाही त्यांचे काय झाले, ते सांगायला नको.

याच्या उलट एक उदाहरण आहे. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या प्रसिद्ध करीत आहे. कागदावरून संगणकात, फितीवरून संगणकात, एका संस्थेकडून दुसरीकडे, इतक्या उड्या मारूनही ओवीशेजारी बाईचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आजही वाचायला मिळतो. जे गोळा केले ते नावानिशी गोळा केले आणि प्रत्येक उडीत नाव बरोबर नेले. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव एवढ्या जपणुकीने छापलेले पाहून आम्हाला फार बरे वाटते, हे इथे सांगून टाकतो.

आणि कप्प्यांचे महत्त्व आपणा बौद्धांना कोणी वेगळे सांगावे? भगवंतांचा उपदेश शेकडो वर्षे मुखोद्गत होता. परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात तो ताडपत्रावर उतरवला गेला. म्हणजे आजच्या भाषेत एका साधनातून दुसऱ्या साधनात गेला. पण जाताना तीन पिटके तीनच राहिली. पिटक म्हणजे टोपली, हे आपण जाणताच. टोपलीत निकाय, निकायात वग्ग, वग्गात सुत्त, ही मांडणी मोडली नाही. शिवाय बहुतेक सुत्तांच्या आरंभी भगवंत तेव्हा कोठे राहत होते आणि कोणाशी बोलत होते हे सांगितलेले असते. टोपलीवरही नाव आणि आतही नाव, अशी दुहेरी व्यवस्था. ही दुहेरी व्यवस्था लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

मांडणी सुटली की किती त्रास होतो, तेही आपल्या घरचेच उदाहरण आहे. १९५६ साली बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, त्यांचे अप्रकाशित लिखाण वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिले. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीच्या वतीने वसंत मून यांनी ते संपादित करायला घेतले आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. १९८७ सालच्या तिसऱ्या खंडात बौद्ध धम्माची क्रांती आणि ब्राह्मणी प्रतिक्रांती या विषयावरचे लिखाण आहे. ती प्रकरणे अपुरी आणि सुटी सापडली, त्यांचा क्रम संपादकांना लावावा लागला. कोणते पान कशापुढे यायचे होते हे विचारायला बाबासाहेब नव्हते.

असो. आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. घरातल्या मुलामुलींना हा भाग वाचून दाखवावा.

बाजारात आणि फुकट मिळणाऱ्या चांगल्या प्रोग्रामांत कप्पे जपण्याची सोय असते, पण ती शोधून चालू करावी लागते. 'नवी फाइल कोठे ठेवू' या ठिकाणी दोन-तीन पर्याय असतात. एक, दिलेल्या एकाच कप्प्यात ठेव. शिरगावच्या मुलाने निवडला तो हाच. दुसरा, मूळ फाइल ज्या कप्प्यात आहे त्याच कप्प्यात ठेव. तिसरा, नव्या जागी ठेव पण मूळ कप्प्यांची रचना तशीच उभी कर. तिसरा पर्याय वाचायला सर्वांत सोयीचा वाटतो. तरी घरच्या कामाला आम्ही दुसरा सुचवतो, आणि त्याला कारण आहे. कप्प्यांत नुसती गाणी नसतात. चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो असतो, गाण्यांची टाइप केलेली यादी असते. प्रोग्राम आवाजाच्या फायली नेईल. फोटो आणि यादी मागे राहण्याची शक्यता मोठी. आपल्याला तर सर्वांत मोलाची तीच.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम सर्वांत वरच्या मूळ कप्प्याची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर करावी. नक्कल करताना संगणक आतले सगळे कप्पे, फोटो, याद्या निमूटपणे बरोबर नेतो. मग मूळ डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवून द्यावी. ही वायर काढण्याची पायरी कोणी गाळू नये. त्यानंतर नकलेवर प्रोग्राम चालवावा आणि 'मूळ फाइलच्याच कप्प्यात ठेव' हा पर्याय निवडावा. फूबार २००० या फुकट प्रोग्राममध्ये ही सोय आहे. त्याला एमपी३ करता यावे म्हणून एन्कोडरचा संच तेवढा वेगळा घालावा लागतो. काम संपले की प्रत्येक कप्प्यात ०१ वेव्ह आणि ०१ एमपी३ अशी जोडी दिसेल. दोघांचे शेपूट निराळे असल्याने एक दुसऱ्याला पुसत नाही. मग नकलेच्या वरच्या कप्प्यात उभे राहून शोधाच्या चौकटीत वेव्हचे शेपूट टाकावे. सगळ्या कप्प्यांतल्या वेव्ह एका यादीत येतात, त्या निवडून पुसाव्यात. उरते ती एमपी३ ची पूर्ण पेटी, कप्प्यांसकट, फोटोंसकट.

पुसण्याआधी मोजदाद करावी. वरच्या कप्प्यावर उजवे बटन दाबून गुणधर्म पाहिले की आत किती फायली आणि किती कप्पे आहेत ते संगणक सांगतो. नक्कल केल्याबरोबर हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. सगळे आटोपल्यावर कप्प्यांचा आकडा तोच असला पाहिजे, फायलींचाही तोच. प्रत्येक वेव्हच्या जागी एक एमपी३ आली, आणि फोटो होते तेवढेच राहिले. नुसता गाण्यांचा आकडा जुळून भागत नाही, हे शिरगावला दिसलेच. यासाठी डिस्कवर तात्पुरती बरीच जागा लागते. ती नसेल तर एका वेळी एकेका सालाचे काम करावे.

मूळ वेव्ह पुसू नयेत. एमपी३ करताना आवाजातला काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो, तो पुन्हा मिळत नाही. जागेची फारच ओढ असेल तर वेव्हची 'फ्लॅक' करून ठेवावी. ती आकाराने बरीच लहान होते आणि तिच्यातून मूळ आवाज जसाच्या तसा परत काढता येतो. वर सांगितलेला कप्प्यांचा नियम तिथेही तोच. आणखी एक बचत: एका मायक्रोफोनवर भरलेल्या घरगुती कॅसेटला स्टिरिओची गरज नसते. ऑडॅसिटीत 'मोनो' निवडून भरले की जागा निम्मी लागते आणि ऐकण्यात काही कमी होत नाही.

कप्प्यांना नावे देताना थोडा विचार लागतो. तारीख १४/४/१९९४ अशी लिहायला गेलात तर संगणक ती तिरपी रेघ नावात घेणारच नाही. प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन ठिपके, हेही चालत नाहीत. साल आधी, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ, असे लिहिले तर कप्पे आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. क्रमांक १, २ असे न लिहिता ०१, ०२ असे लिहावेत, नाहीतर काही यंत्रे १ नंतर १० वाजवतात. फार लांबलचक नावेही देऊ नयेत. विंडोजमध्ये कप्प्यांसकट पूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची मर्यादा धरून चालावे, आणि आपल्या मराठीत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी मोजली जाते. 'विश्वरत्न बोधिसत्त्व परमपूज्य' अशी पूर्ण बिरुदे कप्प्यावर घालण्याचा मोह होतो, तो तेवढ्यापुरता आवरावा. ती बिरुदे यादीत लिहावीत, गायक आणि कवी मात्र कप्प्यावर असावेतच.

आता ती दुहेरी व्यवस्था. एमपी३ च्या पोटात गाण्याचे नाव, गायक, साल, टीप अशा छोट्या जागा असतात. त्यांना टॅग म्हणतात. एमपी३टॅग नावाच्या प्रोग्रामने कप्प्यावरचे नाव शेकडो गाण्यांच्या पोटात एकदम भरता येते. आम्हाला हे शेवटच्या कडव्यातल्या 'वामन' सारखे वाटते: गाणे कोठेही गेले तरी नाव त्याच्याबरोबर जाते. आणि गाणी कोठेही जातातच. व्हॉट्सॲपवर आपण कप्पा पाठवू शकत नाही, सुटी गाणी पाठवतो. बहिणीने बोईसरहून भावाला नागपूरला एक गाणे पाठवले की कप्पा इथेच राहतो. पोटात नाव असेल तर निदान वाजवणाऱ्याला ते दिसण्याचा संभव असतो. मात्र नुसत्या टॅगवर विसंबू नये. वेव्हच्या पोटात भरलेले नाव एका प्रोग्रामला कळते, दुसऱ्याला कळत नाही, आणि बदलताना ते गळून पडते. म्हणून टॅग भरायचे ते एमपी३ किंवा फ्लॅक झाल्यावर, आणि कप्पाही ठेवायचाच.

विहाराच्या पेनड्राइव्हबद्दल दोन शब्द. तो फॅट३२ पद्धतीचा असावा. लहान स्पीकर बहुधा तीच ओळखतात. स्वस्त स्पीकर नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने गाणी पेनड्राइव्हवर घातली त्या क्रमाने वाजवतात, म्हणून कप्पे एकेक करून क्रमाने घालावेत. काहींच्या छोट्या पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात. त्यासाठी मराठी नावे बदलण्याचे कारण नाही. कप्प्यांची छापील यादी विहारात भिंतीला लावून ठेवावी.

कोणत्या कॅसेटपासून सुरुवात करावी, असे पुष्कळजण विचारतात. खालच्या थरापासून. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज जपणारे हजारो आहेत. तुमच्या आत्याने १९९१ च्या जन्मशताब्दीला म्हटलेले गाणे फक्त तुमच्या डब्यात आहे. कॅसेटला हात लावण्याआधी चिठ्ठीचा आणि खोक्याचा फोटो काढावा आणि चिठ्ठीवरचाच क्रमांक कॅसेटच्या प्लास्टिकवर न पुसणाऱ्या पेनाने लिहावा, म्हणजे गोंद वाळला तरी चिठ्ठी आणि कॅसेट यांची ताटातूट होणार नाही.

ज्यांच्या चिठ्ठ्या आधीच सुटल्या आहेत त्यांच्यासाठी आमची एक सूचना आहे. पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास राखून ठेवावा. एका घराने आपली नाव नसलेली पाच-सहा गाणी लावावीत आणि जुन्या मंडळींना, विशेषतः म्हाताऱ्या आयाबायांना, विचारावे. कोणी आवाज ओळखेल, कोणी पार्टी, कोणी म्हणेल त्या रात्री पाऊस आला होता आणि मंडप पडला होता. तेही टिपून घ्यावे, त्यावरून साल सापडते. टिपणाऱ्याने वही आणावी आणि पेन्सिलीने लिहावे, कारण पुढच्या पौर्णिमेला दुसरी एखादी मावशी येऊन नाव दुरुस्त करते.